पुलावर धापा टाकणारी गाडी

"घरात काही बिघडलं तर मकरंदला कळू देऊ नकोस," असं नणंदेनं, सौम्यानं, लग्नाच्या आदल्या दिवशी ऊर्मीला बजावलं होतं. ऊर्मी हसली. नणंदा असं म्हणायच्याच.

पुढे नवऱ्याने स्वतःचं केलेलं वर्णन तिला अंगाईसारखं पाठ झालं. "जिथे तर्क संपतो, तिथे मकरंद सुरू होतो." यात खोटं काहीच नव्हतं. चेन्नईजवळ ओरगडमच्या मोटार कारखान्यात तो होता खरा, पण मोटारींशी संबंध एवढाच, की त्या जोडणाऱ्यांच्या कँटीनचं सांबार तो चाखून पास करी.

प्रकरण होतं आप्पांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं. आप्पा म्हणजे सासरे, दत्तोपंत. नात संयुक्ताला पाळणाघरात तेच सोडत. गाडी एरवी शहाणी, पण अधूनमधून पुलावर धापा टाकी. कितीही दाबा, वेग नाही, गिअर हवा तेव्हा बदलत नाही. कधी उभी केली की लिव्हर पार्किंगमधून हलायला तयार नसे. गॅरेजात नेली की साळसूद.

"समुद्राचा खारा वारा," मकरंद म्हणाला. "गिअरबॉक्सला गंज." मासळी आणायला गाडी समुद्रकाठच्या कोवलमला नेणं बंद झालं. गाडी तशीच.

मग उंदीर. बॉनेटखाली मेदुवडा ठेवला. सकाळी वडा जसाच्या तसा.

"म्हणजे उंदीर नाही," ऊर्मी म्हणाली.

"म्हणजे उंदीर हुशार आहे."

शेवटी तो गंभीर झाला. "ऊर्मी, मी चालवतो तेव्हा गाडीला काही होत नाही. होतं ते आप्पांच्याच हातून. दोष गाडीत नाही. वयात आहे."

आप्पांनी ऐकलं. किल्ली टेबलावर ठेवली आणि कॉफी नको म्हणाले. चेन्नईत चाळीस वर्षं काढलेला माणूस कॉफी नको म्हणतो, तेव्हा ताप बघावा लागतो. नातीला सोडणं हे त्यांचं निवृत्तीनंतरचं एकमेव काम होतं, आणि ते त्यांच्या मुलाने काढून घेतलं होतं. पण मागच्या सीटवर बसणार होती ती ऊर्मीची लेक. कुणाची बाजू घ्यावी तिला कळेना.

"आप्पांना एकदा चालवू दे," ती म्हणाली. "आपण सगळे बसू."

"गुन्ह्याची पुनर्रचना," मकरंद खुलला. "मी सुचवणारच होतो."

रविवारी निघाले. पुलाच्या पायथ्याशी सिग्नल लागला, आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. हिरवा झाल्यावर गाडी पुलावर चढली आणि तिथेच रेंगाळली. मागे लॉरी भोंगा वाजवू लागली.

"बघा," मकरंद म्हणाला, "पायात जोर नाही."

"जोर आहे रे, पेडलच खाली जात नाही."

पूल कसाबसा उतरून आप्पांनी गाडी कडेला लावली. लिव्हर पार्किंगमध्ये गेली ती तिथेच अडकली. मागे संयुक्ताने खुळखुळा टाकला. ऊर्मी तो शोधायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"आप्पा, तुमच्या पायात चपला नाहीत?"

"देवासमोर चपला?" आप्पांनी डॅशबोर्डवरचा गणपती दाखवला. "दसऱ्यातल्या आयुधपूजेला हा बसवला, तेव्हापासून गाडीत अनवाणीच बसतो. बाहेर ठेवल्या तर कुणी उचलेल, म्हणून सीटखाली."

ऊर्मीने उतरून पुढचं दार उघडलं. उजवी चप्पल ब्रेकच्या हिसक्याने सीटखालून सरकून ॲक्सिलरेटरखाली गेली होती. डावी ब्रेकखाली. ब्रेक पुरता दबल्याशिवाय ती लिव्हर सुटत नाही, हे मॅन्युअलमध्ये होतं. मॅन्युअल मकरंदने वाचलं नव्हतं. त्याच्याकडे तर्क होता. आणि तो स्वतः बूट घालूनच चालवी.

"चपलांवर माझा संशय होताच," मकरंद म्हणाला. "उंदराच्या खालोखाल."

आप्पा हसले नाहीत. ते डाव्या चपलेकडे बघत होते. ऊर्मीही. सिग्नलला ती क्षणभर आधी सरकली असती, तर ब्रेक लागलाच नसता, आणि समोर बस उभी होती.

तिने किल्ली आप्पांच्याच हातात दिली आणि चपला डिकीत टाकल्या. "रोज इथेच. मी बघणार आहे."

आणि तुम्हीही बघा. घरातलं कुणी वडीलधारं माणूस देवाला मान देऊन गाडीत अनवाणी बसत असेल, तर गाडी कशी चालते ते विचारू नका. ती ठीकच चालते असं ते सांगतील. आज ती निघायच्या आधी खाली जा, आणि त्यांच्या चपला कुठे आहेत तेवढं विचारा.