हरवलेल्या मेंढराचं अधिवेशन

ज्या विषयावर चांगल्या माणसांना सलग दोन दिवस बोलता येतं, त्या विषयासाठी काही करायला त्यांना वेळ उरत नाही. यात त्यांचा दोष नसतो. दिवसाचे तास मोजके, आणि त्यातले दोन चहाचे धरावे लागतात.

माकणीच्या सिदूला हे ठाऊक नव्हतं. सिदू मेंढरं राखतो. ज्वारी निघून रानं मोकळी झाली की बायको दैवशालाला आणि मेंढरांना घेऊन तो येडशीच्या बाजूला पाल टाकतो. यंदा त्याची मेंढरं बरोबर शंभर होती. (हा आकडा पुढं फार महत्त्वाचा ठरला, मेंढीसाठी नव्हे, अधिवेशनासाठी.) शुक्रवारी संध्याकाळी ती नव्याण्णव भरली. भुरी नव्हती. डाव्या कानाला खाच, कपाळावर पांढरा ठिपका, गळ्यात पितळी घुंगरू, आणि पोटात पहिलं कोकरू. आज-उद्या विणार होती. पहिल्या वेताला मेंढीजवळ जाणतं माणूस लागतं, आणि रामलिंगाच्या रानात लांडगा आहे. शनिवारी उजाडल्यापासून सिदू रान धुंडाळत होता.

नऊच्या सुमाराला त्याला रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयावर कमान दिसली. ‘हरवलेले मेंढरू. विभागीय अधिवेशन, शनिवार-रविवार. सर्वांचे स्वागत.’ शेजारी खांद्यावर मेंढरू घेतलेल्या माणसाचं चित्र. सिदू चौथी शिकलेला. त्यानं दोनदा वाचून खात्री केली. शेळीचे मेळावे होतात, कोंबडीचे होतात, रेशमाच्या किड्याचेसुद्धा होतात. मेंढरासाठीही कुणीतरी मांडव घातला, याचं त्याला नवल वाटलं नाही. फार उशिरा घातला, एवढंच वाटलं.

नोंदणीच्या टेबलावर सुवार्ताताई होत्या. “कशासाठी आलात, काका?”

“हरवल्याल्या मेंढरासाठी.”

सुवार्ताताई पंधरा वर्षं नोंदणीला बसत आल्या होत्या. लोक त्यांना जेवणाची वेळ विचारत, गरम पाण्याचं विचारत. विषयाला धरून उत्तर असं कुणी दिलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले.

“तुमची मंडळी कुठली?” (कोणत्या चर्चचे, असं त्यांना विचारायचं होतं. सिदूकडं मंडळी म्हणजे बायको.)

“मंडळी सास्तूरची.”

“सास्तूरला मंडळी आहे? आम्हाला माहीतच नव्हतं! किती वर्षं झाली?”

“बावीस झाली की.”

“बाई गं! आणि कशी आहे?”

“खमकी हाय. म्या न्हाय तवा समदा कळप तीच सांभाळती.”

सुवार्ताताईंनी हे शब्दशः लिहून घेतलं आणि सिदूला एक कापडी पिशवी, एक वही, एक पेन आणि गळ्यात अडकवायचा बॅज दिला. बॅजवर छापलं होतं, ‘नवीन मेंढरू’. चाळीस वर्षं मेंढरं राखल्यावर माणसाला अशी बढती मिळते.

सिदू याआधी कधी चर्चच्या कार्यक्रमाला गेला नव्हता. पण शिस्त त्याला आवडली. चारशे माणसं खुर्च्यांवर बसली होती, खुर्च्या ओळीत होत्या, आणि मंडपाच्या तोंडाशी पिवळ्या टी-शर्टातले स्वयंसेवक ‘बॅजशिवाय प्रवेश नाही’ या फलकाखाली उभे होते. प्रमुख वक्ते पुण्याहून आले होते. त्यांचा विषय होता, ‘मेंढरू का हरवते: पाच कारणे’. पाचवं कारण साडेबाराला आलं. मग प्रश्नोत्तरं, आणि सिदू उभा राहिला.

“साहेब, मेंढरू हरवत न्हाय. ते मान खाली घालून चरत चरत जातं. वर बगतंय तर कुनीच न्हाय. त्याला वाटतंय, बाकीचेच हरवले.”

वक्त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि स्वतःच्या वहीत सहावं कारण लिहिलं.

“तुमचं अनुभवाचं बोलणं दिसतं, बंधू.”

“व्हय. म्हागं नव्यान्नव सोडून आलोय.”

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. (शंभरातलं एक मेंढरू हरवलं म्हणून नव्याण्णव सोडून शोधायला निघालेल्या मेंढपाळाची येशूची गोष्ट मंडपात सगळ्यांना पाठ होती.) सिदूला कळेना की एवढं काय झालं. “पर ती गाभण हाय,” तो म्हणाला. “अन् रानात लांडगा हाय.”

“लांडगा!” वक्ते माइकजवळ सरकले. “बंधूभगिनींनो, लांडगा!” चारशे वह्यांत लांडगा उतरला.

जेवणाच्या आधी दैवशालाचा फोन आला.

“गावली का?”

“गावंल. हितं चारशे मानसं जमल्यात तिच्यापायी.”

“चारशे? काय करायलेत?”

“गानी म्हनायलेत.”

“मंग तुमी तरी बगा की,” ती म्हणाली.

सिदू काठी उचलून निघाला, तेव्हा चर्चचे पाळक शांतवन यांनी त्याला दारात गाठलं. पाळक मनानं खरोखर चांगले होते, हे इथं स्पष्टपणे नोंदवलं पाहिजे. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन समजावलं, “बंधू, मेंढरू म्हणजे आपण सगळेच.”

“मंग भुरी?”

“भुरीसुद्धा! उद्या अकराला तुम्ही स्टेजवरून साक्ष द्या. तुमची गोष्ट सगळ्यांना सांगा. साक्ष झाली की सगळे मिळून शोधायला निघू. माझा शब्द.”

सिदूनं हिशेब मांडला. सकाळपासून दोन पाय फिरले. आठशे पाय फिरले तर येडशीचं रान तासाभरात संपेल. उन्हं उतरल्यावर त्यानं एकट्यानं आणखी एक फेरी मारली आणि रविवारी सकाळी बॅज घालून तो वेळेवर हजर झाला.

दरम्यान अधिवेशन हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. शनिवारी दुपारीच ‘शोधायला जावे का?’ या विषयावर चार गट बसले. पहिल्या गटाचं मत पडलं की जावं. दुसऱ्याचं पडलं की जावं, पण तयारीनं. तिसऱ्यानं मेंढीचं वर्णन तयार केलं आणि त्यात उजव्या कानाला खाच पाडली. चौथ्यानं दोन्ही कानांना पाडली, म्हणजे चूक व्हायला नको. शेवटी पाच जणांची शोध-उपसमिती नेमण्यात आली आणि तिची पहिली बैठक पुढच्या महिन्यात लातूरला ठरली. (दोन दिवसांत ‘मेंढरू’ हा शब्द माइकवरून एक हजार चारशे बारा वेळा उच्चारला गेला. त्यासाठी मंडपाबाहेर पडलेली माणसं: एक. त्यालाही परत बोलावण्यात आलं.) स्वयंसेवकांच्या अहवालातली नोंद तेवढी वेगळी होती: ‘शनिवार, दुपारी तीन. मंडपात शिरणारे एक भटके जनावर हाकलले. बॅज नव्हता.’

रविवारी अकराला सिदू स्टेजवर गेला. “माजी भुरी...” एवढं म्हणून तो थांबला. मंडपाच्या मागून घुंगरू वाजलं होतं. पितळी. एकदा, मग घाईघाईनं पुष्कळदा, जनावर वेदनेनं मान झटकतं तसं.

“ती हाय,” सिदू म्हणाला आणि पायरीकडं वळला.

वक्त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. “बघा!” ते गहिवरून म्हणाले. “त्याला हाक ऐकू येते आहे!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की घुंगरू ऐकू येईना. कुणी रडलं. सिदू हात सोडवत होता तेवढ्यात शाल आली. मग सन्मानपत्राचं वाचन झालं, ते दीड पानांचं होतं. मग सास्तूरच्या जुन्या आणि खमक्या मंडळीसाठी प्रार्थना झाली. डोळे मिटलेल्या माणसाला ढकलून कसं जायचं, हे सिदूला उमगेना. तो भिडस्त माणूस. अर्ध्या तासानं तो मंडपामागं स्वयंपाकाच्या जागी पोचला.

तिथं जळणाच्या ढिगाआड भुरी पडली होती. स्वयंपाकाला आलेल्या शांतम्मा तिच्या उशाशी बसल्या होत्या. समोर पोत्यावर कोकरू होतं. ओलं, पूर्ण वाढीचं, आणि हलत नव्हतं.

“आत्ताच गेलं बगा,” शांतम्मा म्हणाल्या. “पाय म्होरं आले, डोस्कं अडकलं. मला काय उमजंना. काल पोरांनी हाकलल्याली, तवापास्नं हितंच बांदून ठेवली हुती. कुनाची हाय म्हून दोनदा इचाराया गेले. म्हनले, कार्यक्रम चालू हाय, मागनं या.”

सिदूच्या हाताखाली अशी शंभर कोकरं सरळ होऊन बाहेर आली होती. तो दोनशे पावलांवर होता, खांद्यावर शाल घेऊन, तिच्याचविषयीचं ऐकत. त्यानं त्याच शालीत कोकरू गुंडाळलं. त्याला रडू आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

मग भुरीला उठवेना म्हणून त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि तो मंडपावरून निघाला. जेवणासाठी बाहेर पडलेल्या मंडळींनी ते पाहिलं. हुबेहूब कमानीवरचं चित्र! एकशे ऐंशी मोबाइल वर झाले.

पाळक शांतवन पळत आले. त्यांचा चेहरा उतरला होता. सिदूच्या बगलेतली शालीची गुंडाळी त्यांनी पाहिली होती. “बंधू,” ते म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, “पाळकसाहेब, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय!” ते बाजूला झाले.

तो फोटो पुढच्या वर्षीच्या कमानीवर आहे. अहवालात एक ओळ आली: ‘हरवलेले मेंढरू सापडले. अधिवेशन यशस्वी.’

इथपर्यंत वाचलेल्या सज्जन वाचकाला या लोकांची चीड आली असेल. दोन दिवस जिच्याविषयी ऐकलं, तिच्याकडं कुणी धड बघितलं नाही, असंही त्यानं मनात म्हटलं असेल. तेव्हा अशा वाचकाला एकच विचारायचं आहे. खाच भुरीच्या कोणत्या कानाला होती?

वर जाऊन बघू नका. तिथं टाळ्या चालू आहेत.