शाब्बास न म्हणण्याचा प्रयोग

“लता, मानसशास्त्र हे शास्त्र आहे, अंदाजपंचे नव्हे! महिन्याभरात सिद्ध करून दाखवतो!” मल्हारीने बशी आपटून जाहीर केलं.

नाशिक रोडच्या एका शाळेत तो शिक्षक होता आणि एकोणऐंशी साली, तिशी उलटल्यावर, त्याला मानसशास्त्रात एम.ए. व्हायची हुक्की आली होती. प्रबंधाचा विषय होता, शाबासकी दिली की माणसाच्या लक्षात जास्त राहतं का? वसाहतीतल्या वीस बायका, दहा-दहाचे दोन गट. चार रविवार त्यांना कंदील, बादली, बोकड, जिना असे वीस शब्द वाचून दाखवायचे आणि आठवतील तेवढे म्हणायला लावायचे. एका गटाला शब्दाशब्दाला ‘शाब्बास’, दुसऱ्या गटाला चकार शब्द नाही!

“बाकी सगळे चल मी मुठीत ठेवणार!”

“चल? कुठं चल?” आठव्या महिन्याचं पोट सावरत लताने विचारलं.

“चल म्हणजे बदलणारी गोष्ट! चहा अर्धा कप, बिस्किटं दोन, बुद्धविहारातली सतरंजी तीच. शब्दांची यादीसुद्धा चारही रविवार तीच! फरक फक्त शाबासकीचा.”

चिठ्ठ्या टाकून गट पाडले. लताच्या बाळंतपणासाठी घोटीहून आलेल्या तिच्या आई, धोंडाबाई, नेमक्या मुक्या गटात निघाल्या.

“अहो, आईला तेवढं पलीकडच्या गटात घ्या की.”

“वशिला? संशोधनात?” खिशात कुणी झुरळ सोडावं तसा मल्हारी उडाला.

पहिल्या रविवारी धोंडाबाईंनी धडाधड चौदा शब्द सांगितले आणि जावयाकडे पाहिलं. जावयाचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा!

“बरोबर हाय का, जावईबापू?”

गप्प.

“चुकलं का काय?”

गप्प.

“अगं बाई, यांची दातखीळ बसली!”

नंतर दुसऱ्या गटात शेजारच्या विमलाबाईंना पाच शब्द आठवले. त्यातले दोन तर यादीत नव्हतेच. तरी पाच वेळा ‘शाब्बास’! सोमवारी सकाळी नळावर ही बातमी पाण्याच्या आधी पोचली.

“पाचाला शाब्बास, आन् चौदाला ठेंगा?” धोंडाबाईंचा हंडा दणकन खाली आला.

त्यात घरी स्तुती केली तर प्रयोग नासेल, म्हणून मल्हारीने घरातही तोंडाला कुलूप घातलं. सासूच्या हातच्या चार-चार भाकरी हाणायचा, ढेकर द्यायचा आणि उठायचा. आठवडाभर हे पाहून धोंडाबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं.

“यांना माझ्या हातचं ग्वाड लागत नाय. मी चालले घोटीला!”

“आई गेली तर माझं बाळंतपण काय तुमचे ते प्रबंधाचे सर करणार?” लता कडाडली.

मल्हारीला दरदरून घाम फुटला. एक ‘शाब्बास’ म्हटलं तर प्रबंध बुडत होता, नाही म्हटलं तर संसार! त्याने तोंड उघडलं. दोघी मायलेकी श्वास रोखून उभ्या राहिल्या.

“पाणी,” मल्हारी म्हणाला.

धोंडाबाईंनी गाठोडं सोडलं. “आता तर नायच जायची! यांच्या तोंडून शाब्बास काढल्याबिगर हालायची नाय मी!”

चौथ्या रविवारी चमत्कार झाला. मुक्या गटातल्या दहाही बायकांना वीसच्या वीस शब्द आले! शाबासकीवाल्या विमलाबाई मात्र तिनावर घसरल्या. मल्हारी हवेत! शाबासकीने स्मरणशक्ती घटते! जगभरची पुस्तकं नव्याने छापावी लागणार! तो तडक आपल्या सरांना घेऊनच आला.

“मुका गट पुन्हा ऐकू या,” सर म्हणाले.

दहाही बायकांनी एका सुरात ताल धरला:

“कंदील घेतला हाती, बादली दुसऱ्या हाती,
बोकड चढला जिना, गं बाई, बोकड चढला जिना!”

“हे काय गाणं आहे?” सरांनी चष्मा काढला.

“धोंडाबाईंनी रचलंय,” त्यातली तानुबाई म्हणाली. “मगाशी एकेकीनं मनातच म्हटलं. रोज नळावर म्हणून घेतात. पाठ झाल्याबिगर हंडा भरू देत नाय!”

सर विमलाबाईंकडे वळले. “आणि तुमचं काय झालं?”

“आम्ही कशाला डोकं शिणवायचं? कायबी म्हटलं तरी शाब्बास मिळतंयच की!”

सरांनी वही मिटली. “मल्हारी, चहा मोजलात, बिस्किटं मोजलीत. नळ आणि सासूबाई मोजायच्या राहिल्या! पुन्हा करा, पहिल्यापासून.” मग ते धोंडाबाईंपुढे हात जोडून म्हणाले, “बाई, शाब्बास!”

धोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “महिना झाला बगा, साहेब, ह्या एका शब्दासाठी!”

मल्हारीला भुईत गडप व्हावंसं वाटलं. प्रयोग बुडाला होता, पण आता निदान तोंड उघडायला तरी बंदी नव्हती. त्याच दुपारी जेवायला बसल्यावर भरताचा पहिला घास घेताच तो ओरडला, “वा मामी, वा! शाब्बास! असं भरीत उभ्या जिल्ह्यात कुणाला जमायचं नाही!”

धोंडाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“विमलाबाईनं धाडलंय ते.”