गव्यांनी परत आणलेला गाडा

मंगळवारी सकाळी, जनावरांचा दवाखाना उघडायच्या वेळेला, गव्यांनी साथ परत आणली.

साथ गाड्यातच होती. आंबेखोलात गुरांना लाळ-खुरकूत झाली, की लहानशा लाकडी गाड्यात लिंबं, हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवून रोगाला हद्दीपार करायची रीत आहे. पुढच्या गावाने तो गाडा आपल्या हद्दीबाहेर ढकलायचा. यंदा पुढच्या गावाने वेशीवर माणसं उभी केली, म्हणून आंबेखोलकरांनी गाडा जंगलात सोडला. जंगलाला ग्रामपंचायत नाही, तेव्हा तक्रार करणार कोण, असा त्यांचा साधा विचार होता.

तक्रार एका गव्याच्या मादीने केली. गाडा पायरीला लावून ती पशुधन पर्यवेक्षक भागोजी खोतांसमोर उभी राहिली. मागे तिचं वासरू होतं. तोंडाला फेस आणि जिभेवर फोड.

"दोन दिस झालं, थानाला तोंड लावंना," ती म्हणाली. "तुमचा रोग तुमी ठेवा. औषध तेवढं द्या."

खोतांनी वासराचं तोंड उघडून बघितलं. वासरू उद्याचा दिवस बघेल असं दिसत नव्हतं. त्यांनी औषधाची बाटली काढली आणि सवयीने अर्जही काढला. तिथेच घोडं अडलं.

"मालकाचं नाव?"

"मालक म्हंजे?"

"जनावराला जबाबदार असतो तो."

मादीने विचार केला. "मग आंबेखोल लिवा."

सरपंच शेवंताबाई पोवार बाकावर बसल्या होत्या. "गाव कसं जबाबदार?" त्या शांतपणे म्हणाल्या. "आमी गाडा हद्दीभाईर सोडला. फुडचं गाड्यानं बघायचं."

खोतांनी जंगलाच्या कचेरीत फोन लावला. गवा आमचा, पण रोग पाळीव जनावरांचा आहे, असं तिथल्या साहेबांनी अदबीने सांगितलं.

एवढ्यात वासराचे पुढचे पाय दुमडले. खोतांना स्वतःचीच लाज वाटली. रकान्यात त्यांनी 'भागोजी खोत' असं लिहून टाकलं आणि वासराच्या जिभेला औषध लावलं. संध्याकाळी वासराने दूध ओढलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. तसं त्यांनी शेऱ्यात नोंदवलं.

बुधवारी दवाखान्यापुढे एकेचाळीस गवे ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या अर्जावर मालकाचं नाव आधीच भरलेलं होतं, भागोजी खोत.

नऊ वाजता शेवंताबाई लाळ गाळणारी म्हैस घेऊन आल्या. शेवटच्या गव्याला नंबर विचारून त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्याही अर्जावर मालक खोतच होते.