बिनभोंग्याचा रियाज

पंडित कडुबा दाभाडे यांचा षड्ज सार्वजनिक शांततेस बाधक आहे, असा ठराव पडेगावच्या 'स्वर्णिम हाइट्स' सोसायटीने चहापानानंतर एकमताने मंजूर केला. कडुबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं त्यांनी हा षड्ज सांभाळण्यात घालवली होती.

माणूस मूळचा लासूर स्टेशनचा. बाप मोंढ्यात हमाली करायचा. पोराचा गळा ऐकून एका अडत्याने त्याला शहरातल्या एका उस्तादांकडे नेऊन बसवलं. उस्तादांनी दोन वर्षं त्याला 'सा'च्या पुढे सरकू दिलं नाही. "पहले इसकू संभाल मियाँ, बाकी छे तो खुद चले आते," एवढंच म्हणायचे. बाकीचे सहाही आले. कडुबा धारवाडला गायले, कोलकात्याला गायले. पण सकाळी साडेसहाला तंबोरा जुळवून दीड तास खर्ज भरायचा, हा नेम त्यांनी मुलीच्या लग्नादिवशीही मोडला नाही.

सोसायटीत राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात सचिव राजेंद्र बोर्डे दारात उभे राहिले.

"काका, घरात कोणी आजारी हाय का?"

"नाय. का बरं?"

"सकाळी कण्हल्यावानी आवाज येतो. एकच 'आ', तासभर. बायामाणसं घाबरतेत."

"रियाज हाय तो माझा."

"आसं का? मग तर तक्रार लेखीच करावी लागंल," राजेंद्र म्हणाले. आजारपण असतं तर त्यांनी चालवून घेतलं असतं.

ठराव झाला, त्याच आठवड्यात राजेंद्र यांच्या पुतण्याची हळद झाली. दुपारी चारपासून डीजे सुरू होता. कपाटातली भांडी नाचली, तंबोऱ्याची तार आपोआप वाजू लागली. कडुबांच्या पत्नी लीलाबाई 'मग हे कसं चालतं?' असं विचारायला गेल्या, तेव्हा राजेंद्र यांनी मायेने समजावलं, "काकू, त्याची परवानगी हाय. तुम्हीबी काढा की."

म्हणून कडुबा पोलिसांच्या परवाना कक्षात गेले. खिडकीशी मेघा मॅडम होत्या.

"भोंगे किती?"

"भोंगा नाय मॅडम. गळा हाय."

"गळ्याचा रकाना नाहीये."

शून्य लिहिलं तर संगणक अर्ज घेईना. त्याच्या मते आवाज करणाऱ्या माणसाकडे निदान दोन भोंगे असतातच. प्रयोजनाच्या यादीत वाढदिवस, हळद, मिरवणूक, उद्घाटन एवढंच होतं. मॅडम मनाने चांगल्या होत्या. "हळद टाकते," त्या म्हणाल्या.

"पण कुणाची?"

"अर्जदाराचीच पडते."

अशा रीतीने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कडुबांना रोज सकाळी साडेसहा ते आठ, दोन भोंगे लावून स्वतःची हळद साजरी करण्याची रीतसर परवानगी मिळाली. लीलाबाईंनी कागद दोनदा वाचला. "नवरी कोण, तेवढं तरी विचारायचं व्हतं," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत दोघांचं पाहणी पथक आलं. कडुबा डोळे मिटून खर्जात होते. पथकाने पलंगाखाली वाकून पाहिलं, गच्चीवर पाहिलं.

"भोंगे कुठायत?"

"नायत, साहेब."

"परवानगी दोन भोंग्यांची. इथं एकबी नाय. म्हणजे अटीचा भंग."

"अहो, मी परवानगीपेक्षा कमीच आवाज करतोय."

"कमी-जास्त आम्ही मोजत नसतो. आम्ही अटी बघतो."

भोंगे बसवायला सात दिवसांची मुदत मिळाली. राजेंद्र तर हरखूनच गेले. "लावून टाका काका. मग कोणी तक्रार करणार नाय. भोंग्याला लोक सरावलेत हो, तुमचा गळाच खटकतो."

कडुबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. खर्ज स्वतःच्या छातीत ऐकायचा असतो, भोंग्यातून गल्लीला ऐकवायचा नसतो. त्यांनी परवाना परत केला. पोचपावतीबरोबरच त्यांना कळवण्यात आलं, की आता रियाज बेकायदा आहे.

मग ते स्कूटरवर तंबोरा बांधून दौलताबाद रस्त्यावरच्या एका शिष्याच्या शेतात जाऊ लागले. दोन महिन्यांत शेत विकलं गेलं आणि तिथं मंगल कार्यालयाचं काम सुरू झालं. घरी तोंड मिटून गुणगुणायचं, एवढंच उरलं. आठ महिन्यांनी एका सकाळी न राहवून त्यांनी 'सा' लावला. तो जागेवर बसला नाही. ओट्याशी भाकरी थापणाऱ्या लीलाबाईंचा हात थांबला. चाळीस वर्षं ऐकलेलं होतं, त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी गॅस बारीक केला.

नेमका त्याच महिन्यात कडुबांना राज्याचा मोठा पुरस्कार जाहीर झाला.

'आमच्या सोसायटीची शान' असा फलक फाटकावर चढला. सत्काराच्या कार्यक्रमात राजेंद्र यांनी भाषणात सांगितलं, की पंडितजींच्या सुरांनी आमची पहाट मंगल होते. मग सगळ्यांनी गळ घातली, "दोन मिन्टं कायतरी गोड म्हणा, काका!" नाही नाही म्हणताना माईक हातात आलाच.

कडुबांनी षड्ज लावला. तो कापला आणि खाली घसरला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा घसरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, कलावंत कसा भारावतो!" पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. सगळे फोन वर झाले.

खाली उतरल्यावर ते हळूच म्हणाले, "लीला, बेसूर झालो मी."

"व्हय. मला कळलं."

"आन् ह्या दोनशे माणसांना?"

लीलाबाईंनी त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी केली. "त्यांना टाळ्या वाजवायच्या व्हत्या. वाजवल्या."

कडुबा त्यानंतर गायले नाहीत. ती चाळीस सेकंदांची चित्रफीत मात्र 'स्वर्गीय सूर' अशा मथळ्याने महाराष्ट्रभर फिरली. तुमच्याही फोनवर आली होती. तुम्ही तिला जोडलेले हात टाकलेत, 'अशी माणसं आता होणे नाही' असं लिहिलंत आणि ती आणखी तीन गटांत पाठवलीत. आवाज न लावता.