वातानुकूलित वाळवण

माणूस उपाशीपोटी प्रतिष्ठा राखू शकतो, दमट लेंग्यात नाही. आणि बोईसरच्या आषाढात लेंगा वाळायच्या आधी बुरशी धरतो. (ती हिरवी असते, एवढाच तिचा सृष्टिसौंदर्याशी संबंध.)

अशा दिवसांत, अठ्ठ्याऐंशी साली, मूळ केळव्याचे रामनाथ चुरी यांनी सोसायटीतला पहिला एसी बसवला. तारापूरच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. सोसायटीचं चेअरमन व्हावं, एवढीच त्यांना हाव. यंत्राचं तोंड खोलीत, पाठ सामाईक गॅलरीत. पाठीतून गरम झोत निघतो, हा शोध शेजारच्या नर्मदावहिनींच्या पातळाने लावला. ते बघता बघता वाळलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याचे कपडे तिथे लटकले आणि रामनाथांना टॉवेलागणिक एकेक मत दिसू लागलं.

अडचण एकच. पावसाळ्यात खोली लगेच गार होई, यंत्र आपोआप थांबे, बाहेर चादरी ओल्याच. सबब खोलीत उष्णता पुरवणं हे सार्वजनिक कार्य ठरलं. ज्याचे कपडे दोरीवर, त्याच्या घरचं एक माणूस खोलीत बसेल. जाड्यांना प्राधान्य. लहान मुलं दोन मिळून एक धरावीत. तापकऱ्यांचं विशेष स्वागत. (शांताराम साव्यांना मलेरिया झाला, त्या आठवड्यात गोधड्यासुद्धा वाळल्या.)

स्वतः रामनाथ कानटोपी घालून, पेटती शेगडी पुढ्यात घेऊन बसत. त्यांच्या आईला, माईंना, हे झेपेना.

"अरे, आत जाळ करायचा, मग यंत्रानं तो भायेर टाकायचा. त्यापरीस शेगडीच भायेर ठेव ना."

"माई, त्यात विज्ञान नाय," रामनाथ शिंकत म्हणाले. "शेगडी काय, कोणाकडंबी असते."

श्रावणात निवडणूक झाली. सभासद कडक इस्त्रीत आले आणि शांताराम साव्यांना चेअरमन करून गेले. (विरोधात एक मत पडलं. मतदान गुप्त असल्याने ते कोणाचं, हे सांगता येत नाही.)

रामनाथांनी नर्मदावहिनींना जिन्यात गाठलं. "वहिनी, तुमच्या कपड्यांपायी मी न्युमोनिया ओढवून घेतला."

"म्हणून तर, भावजी," त्या समजुतीने म्हणाल्या. "तुमी मीटिंगा करत हिंडाल, मग एसीपाशी कोण बसल? शांतारामभावजी काय, रिकामेच हायत."

हसू नका. कामाचा माणूस खुर्चीत बसवून वाया घालवू नये, हे तत्त्व तुम्हीही पाळता. गेल्या मतदानाला इस्त्रीचे कपडे घालून तुम्ही कोणाच्या नावापुढचं बटण दाबलंत, तेवढं आठवा.