तीन नंबरच्या चॅनेलवरचा माणूस

अमेरिकेतल्या आमच्या डलुथ शहराचं सोडा, पण आमच्या गल्लीत घरात कॉम्प्युटर आणणारा पहिला माणूस मी! चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा होता. आता नातवंडांचे गेम बघितले की खेळ चाललाय का सिनेमा, तेच कळत नाही. आमच्या वेळी चार ठिपक्यांचा माणूस असायचा, आणि त्याला मिशा आहेत हे खोक्यावरचं चित्र बघून समजून घ्यायचं. पण काय जीव लावला होता हो आम्ही त्या ठिपक्यांना!

कॉम्प्युटर घरातल्याच टीव्हीला जोडायचा असे. दुकानदार म्हणाला, "जोडायला माणूस पाठवू का?"

"गॉर्डन लिंडक्विस्टला दोन वायरी जोडायला माणूस लागत नाही!" मी ठणकावलं. घरी येऊन अँटेनाच्या वायरीत कॉम्प्युटरबरोबर आलेली जोडणीची डबी बसवली, जिथं बरं वाटलं तिथं वायरी पिळल्या आणि टीव्ही तीन नंबरवर लावला. त्या नंबरवर आमच्याकडे कुठलंच स्टेशन लागत नसे. मग टेपमध्ये खेळाची कॅसेट. खेळ सुरू होईपर्यंत ती शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळायची आणि मी कॉफी घेऊन भक्तिभावानं ऐकत बसायचो!

मग यायचा माझा खाणकामगार. लाल टोपी, हातात जेवणाचा डबा. चालायचा, उडी मारायचा, विहिरीत पडायचा. पुन्हा उठायचा, पुन्हा पडायचा. रोज जेवण झालं की मी त्याला त्याच विहिरीत घालत असे. कामावर, कागदाच्या गिरणीत मात्र सगळ्यांना सांगितलं होतं, शेवटच्या बोगद्यापर्यंत पोचलोय म्हणून!

माझी बायको मार्लिस त्या खेळाकडे ढुंकूनही बघत नसे. एका संध्याकाळी ती शेजारून आली ती डोळे पुसतच. "गॉर्डन, मिसेस निएमींचं काही खरं नाही रे."

आमचं जोडघर. भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मिसेस निएमी. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. नवरा आर्वो जन्मभर लोखंडाच्या खाणीत राबला आणि गेला. वेलदोड्याचा पाव भाजला की अर्धा आमच्याकडे यायचाच. फार माया होती आमच्यावर.

"का, काय झालं?"

"भास होतात त्यांना. रिकाम्या चॅनेलवर म्हणे रोज संध्याकाळी एक माणूस दिसतो. मुलगी आज आलीय ॲरिझोनाहून, कॅरल. तिनं दुपारी लावून बघितलं, तर नुसत्या मुंग्या! सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. मग घर विकून आईला घेऊन जाणार. म्हातारी नुसती रडतेय रे, म्हणते आर्वोच्या घरातून मला हलवू नका."

"अरेरे! वय झालं, दुसरं काय," मी उडी मारता मारता म्हणालो. "काय करतो काय तो माणूस?"

"उड्या मारतो म्हणे."

"अच्छा."

"लाल टोपी घालून."

माझा हात जॉयस्टिकवर थिजला.

"आणि विहिरीत पडतो. सारखा त्याच–" मार्लिसची नजर टीव्हीकडे गेली. माझा गडी नेमका तेव्हाच विहिरीत चालला होता. "गॉर्डन!!"

छपरावरची अँटेना दोन्ही घरांत मिळून एकच आहे आणि मी पिळलेल्या वायरींतून माझा खेळ पलीकडेही जातोय, हे मला त्या क्षणी उमगलं!

सपाता घालूनच बर्फातून धावत सुटलो. निएमीबाईंच्या स्वयंपाकघरात कॅरल, चर्चचे पाद्रीबाबा आणि टेबलावर चर्चमधल्या बायकांनी रांधून आणलेली हॉटडिशची भांडी, कुणी गेल्यावर आणतात तशी! बाई कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"त्यांना काही झालेलं नाही!" मी ओरडलो. "तो माणूस माझा आहे! मलाही रोज दिसतो!"

कॅरलनं पाद्रीबाबांचा हात धरला. "बाबा, यांनासुद्धा?"

"बस, गॉर्डन," पाद्रीबाबा मऊ आवाजात म्हणाले. "पाणी घेतोस का?"

"पाणी नको! टीव्ही लावा! मी तिकडे जाऊन पडून दाखवतो!"

घरी आलो, जॉयस्टिक धरली. हात असे थरथरत होते, की काय सांगू! आणि त्या थरथरीत काय झालं देव जाणे, गडी टुणकन विहिरीपलीकडे! आयुष्यात पहिल्यांदा! समोर शेवटचा बोगदा! मी आनंदानं किंचाळणार, एवढ्यात भिंतीपलीकडून कॅरल म्हणाली, "आई, हे कुठलंतरी कार्टून असेल. हा कुठं पडतोय?"

काय करता? डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. गडी मागे फिरवला आणि स्वतःच्या हातानं विहिरीत लोटला. "पडला!" मी भिंतीवर धपका मारून ओरडलो. "आता पुन्हा पडेल! हा बघा!"

आणि पलीकडून पाद्रीबाबांचं गडगडाटी हसू!

परत गेलो तर कॅरल आईच्या गळ्यात पडून रडत होती. "चुकलं माझं, आई. तू कुठंही जायचं नाहीस."

"माझा आर्वोपण असाच डबा घेऊन जायचा," निएमीबाई मला म्हणाल्या. "हा पडला की जीव खालीवर व्हायचा बघ. परत उठला की बरं वाटायचं. मग झोप लागायची."

मी म्हणालो, "मिसेस निएमी, माफ करा. उद्याच वायर नीट करतो."

"हात तर लावून बघ त्या वायरीला!"

कॅरल डोळे पुसत उठली. "डॉक्टरांना फोन करून सोमवारचं रद्द करते."

"रद्द कशाला?" म्हातारी कडाडली. "माझं डोकं ठिकाणावर आहे ना? मग हा एवढा बाप्या रोज त्याच विहिरीत पडतो, त्याला न्या दाखवायला!"

मी आशेनं बायकोकडे बघितलं. शेवटी बायको ती बायको! मार्लिस कॅरलजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "सोमवारी किती वाजता गं?"