गायकरकाकांच्या हाका

गायकरकाकांनी आपला अख्खा दिवस शेजाऱ्यांना वाटून दिला होता. सकाळी साडेसातला तळमजल्यावरच्या आजोबांनी ओरडायचं, "गायकर, आंघोळ!" नऊला समोरच्या शेखभाभींनी, "काका, नाश्ता!" दुपारी साडेचारची हाक माझ्याकडे होती, "काका, गोळी!" नवा भाडेकरू सामान लावतोय तोवर त्यालाही एक वेळ चिकटवलेली असायची. आता मी सोनिवलीच्या टॉवरमध्ये राहते. इथे इंटरकॉम आहे, हाक कुणी मारत नाही, आणि बदलापूरची ती जुनी बिल्डिंग फार आठवते.

काका आनंदनगरच्या कारखान्यात तीस वर्षं होते. तिथे भोंगा वाजायचा आणि काका हलायचे. रिटायर झाले, भोंगा सुटला. मग कोथिंबीर आणायला उतरलेला माणूस दोन तासांनी कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करून हात हलवत परत यायचा.

"मी विसरत नाय गो," ते मला म्हणायचे. "माझं लक्ष पाहुण्यासारखं. येतं, चहा पितं, निघून जातं."

मी शहाणपणा करून त्यांना मोबाइलवर अलार्म लावून दिले. अलार्म बंद करायला फोन हातात घेतला, की अर्ध्या तासाने काका त्यातच कुणाच्या तरी गच्चीवरच्या कोबीचा व्हिडिओ बघत बसलेले!

हे हसण्यावारी गेलंही असतं, पण गोळी त्यांची नव्हती, बायकोची होती. सुमनकाकूंना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. त्याआधी काकांना वेळेवर हाका मारायच्या त्या काकूच. एकदा गोळ्या लागोपाठ दोन दिवस राहिल्या, काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे डॉक्टर काकांना जे बोलले, ते ऐकून मलाच रडू आलं. घरी आल्यावर काका वही घेऊन दारोदार फिरले आणि वेळा वाटून आले.

एकदा मी उल्हासनगरला कापड घ्यायला गेले आणि भाव करण्यात रमले. बिल्डिंगमध्ये शिरले तेव्हा पावणेसहा. पिशव्यांसकट धापा टाकत थेट काकांकडे पळाले.

"काका, गोळी! चुकलंच हो माझं."

"साडेचारलाच दिली." काका काकूंची वेणी घालत होते.

"आठवण कुणी करून दिली?"

"कुणी नाय. दिवाळीपासून एक पण नाय चुकली. सवय लागली ना."

मी चिडलेच. रोज हातातलं काम टाकून आम्ही ओरडत होतो! "मग हाका बंद करा म्हणून सांगायचं नाही का?"

काका ओशाळले. "हिला ऐकू येतं गो सगळं. हाक आली की दाराकडं बघते, हसते. दिवसभर मी एकटाच बोलतो घरात. माझं ऐकून ऐकून कंटाळली असेल ती."

काकू माझ्याकडेच बघत होत्या. मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. मी पलंगावर टेकले, पिशवीतला एकेक कपडा त्यांच्या मांडीवर पसरला आणि दुकानदाराशी घातलेली हुज्जत पहिल्यापासून सांगायला लागले. सांगता सांगता सात कधी वाजले, मला कळलंच नाही.